शिकण्याची पेटी आणि विकण्याची पेटी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही डिचोलीला राहता, लोकांच्या घरांतले जुने सामान विकत घेऊन ते ऑनलाइन विकता आणि गेले दीड वर्ष पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकता. या दीड वर्षात तुमच्या हातून सहा जुन्या पेट्या गेल्या. प्रत्येकीवर दोन-तीन महिने रियाज केला आणि बरी किंमत आली की ती विकून टाकली. आता गुरुजी म्हणतात की हात बसत नाही आणि कान डळमळतो. सध्या घरात तीन पेट्या आहेत आणि त्यांतल्या ज्या पेटीवर तुमचा हात जरा रुळला आहे, नेमक्या तिलाच म्हापशाच्या एका गिऱ्हाइकाने 14,000 रुपये देऊ केले आहेत. धंदा थांबवावा की शिकणे, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्ही चालू ठेवा. ती पेटी मात्र विकू नका. बाकीच्या दोन खुशाल विका, एक आत्ता आणि एक दुरुस्तीनंतर.

हे मी अनुभवाने सांगतो. फोंड्यात राहून गेली सोळा वर्षे मी जुने सामान विकतो आहे. सुरुवात समया, तांब्याचे हंडे, चिनी मातीच्या बरण्या आणि शिसवी खुर्च्यांपासून झाली, पेट्या आणि व्हायोलिने नंतर आली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, दारात येणाऱ्या पेट्या निदान वाजवून दाखवता याव्यात एवढ्याच हिशेबी हेतूने मी शिकायला बसलो आणि मग शिकतच राहिलो. तुम्ही जे केले तेच मीही पहिली दोन वर्षे केले. त्या काळातला एक हिशेब माझ्या वहीत अजून आहे: खरेदी 5,500, दुरुस्ती 2,200, वाहतूक 400, विक्री 11,500, नफा 3,400. त्या पेटीवर तीन महिन्यांत बसलेले अलंकार (सुरांचे सरावपाठ) नव्या पेटीवर पुन्हा बसवण्यात जो दीड महिना गेला, त्याची नोंद वहीत कुठेच नाही.

पेट्या दिसायला सारख्या असतात, हाताला मात्र प्रत्येक पेटी वेगळी लागते. पट्टीखालची स्प्रिंग एका कारागिराने कडक ठेवलेली असते, दुसऱ्याने सैल. एका पेटीची पट्टी खोल दबते, दुसरीची जेमतेम. एकीचा भाता दोन बोटांनी हलतो आणि दुसरीचा मनगट दुखवतो. शिकणाऱ्याची बोटे पहिली तीन-चार वर्षे हीच अंतरे आणि हाच दाब मुरवून घेत असतात. मुरलेला वादक कोणत्याही पेटीवर पाच मिनिटांत रुळतो हे खरे आहे, परंतु तो बहुधा एकाच पेटीवर मुरलेला असतो. म्हणून दर दोन महिन्यांनी पेटी बदलणाऱ्या शिष्याचा हात बसत नाही, यात तुमच्या बोटांचा फारसा दोष नाही.

कानाची गोष्ट थोडी निराळी आहे. जुन्या पेट्या एका मापाने लावलेल्या नसतात. आज पांढरी सहा 440 हर्ट्झवर प्रमाण धरून काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) साधारण 277 हर्ट्झवर येते आणि मोबाइलवरचे तानपुऱ्याचे ॲपही तेच माप धरते. पंचवीस-तीस वर्षे पडून राहिलेली पेटी मात्र त्याच्या वर किंवा खाली असते, आणि तिच्या सगळ्या पट्ट्या सारख्याच सरकलेल्या असतील असेही नाही. तुम्ही ॲपचा तानपुरा लावून अशा पेटीवर बसता तेव्हा दोन षड्ज एकमेकांशी भांडत असतात आणि कान त्या भांडणालाच सूर समजू लागतो. बहुतेक ॲपमध्ये तानपुरा सेंटच्या (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाच्या) हिशेबाने बारीक वर-खाली करता येतो. तो पेटीच्या षड्जाला जुळवून मगच रियाजाला बसावे. कान पेटीवर घडवू नये, तानपुऱ्यावर घडवावा, असे जुनी माणसे सांगत आली आहेत आणि त्याला कारण आहे. पेटीचे सूर ठोकळ असतात आणि तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही. या आक्षेपांवरूनच आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दूर ठेवले होते. पेटीवर माझे प्रेम आहे, तरी तो आक्षेप अगदीच खोटा होता असे मला म्हणवत नाही.

आता पेटी पारखण्याविषयी. तुम्ही विक्रेतेही आहात आणि शिष्यही, त्यामुळे इथे थोडे रेंगाळतो.

विकणाऱ्याच्या घरी गेल्यावर आधी सूर वाजवू नका. स्टॉपरच्या (हवेची वाट उघड-बंद करणाऱ्या) सगळ्या खुंट्या बंद करून भाता पूर्ण भरा आणि हात बाजूला घ्या. आतला भाता सावकाश खाली बसला तर चामडे आणि कागद शाबूत आहेत. उसासा टाकल्यासारखा झटकन बसला तर कुठेतरी फट आहे. मग खुंट्या उघडा, भाता भरा, परंतु एकही पट्टी दाबू नका. फुसफुस ऐकू आली किंवा एखादा सूर आपोआप बोलू लागला, तर पट्टीखालची झडप नीट बसत नाही. ही दुरुस्ती बहुधा स्वस्तात होते, म्हणून एवढ्यावरून पेटी सोडू नये. भाव मात्र जरूर उतरवून घ्यावा. त्यानंतर अगदी कमी हवेवर खर्जापासून तारापर्यंत एकेक पट्टी सावकाश दाबा. चांगले रीड (हवेने थरथरून सूर काढणारी पितळी पाती) कमी हवेतही लगेच बोलते. अडखळणाऱ्या रिडात कचरा असतो किंवा त्याची जीभ वाकलेली असते.

दोन ओळींच्या पेटीत, म्हणजे प्रत्येक पट्टीला खर्ज (खालच्या सप्तकातले) आणि नर (त्याच्या वरच्या सप्तकातले) अशी दोन रीड असलेल्या पेटीत, दोन्ही खुंट्या उघडून एक पट्टी धरून ठेवा. सूर सरळ राहिला तर जोडी जुळलेली आहे. सूर लाटेसारखा वर-खाली झाला तर लाटा मोजा. सेकंदाला दोन लाटा येत असतील तर नराचा सूर खर्जाच्या बरोबर दुपटीपासून तेवढ्याच हर्ट्झने सरकलेला आहे. ट्यूनिंग करणारा कारागीर रिडाच्या टोकाकडचे पितळ खरवडून सूर चढवतो आणि मुळाकडचे खरवडून उतरवतो. म्हणजे दर ट्यूनिंगला रीड थोडे थोडे झिजते. वरचे झाकण काढायला मिळाले तर रिडांवरचे ओरखडे पाहा. टोकाशीही आणि मुळाशीही पुष्कळ ओरखडे असलेले रीड म्हणजे अनेक हातांनी चढवलेले आणि उतरवलेले रीड, आणि ते पुढे सूर धरील याची खात्री नसते. ‘जर्मन रीड’ अशी चिठ्ठी दाखवली जाते तेव्हा मी चिठ्ठी वाचत नाही, रीड ऐकतो. गुजरातेतल्या पालिताण्याची रीड लावलेल्या कित्येक देशी पेट्या चिठ्ठीवाल्यांपेक्षा सरस निघालेल्या मी पाहिल्या आहेत. स्केल चेंजरची (पट्ट्या सरकवून स्वर बदलता येणारी) जुनी पेटी शिकण्यासाठी घेऊ नये; ती जड असते, आणि पट्ट्यांचा सरकता सांगाडा एकदा सैल झाला की त्याचा खडखडाट सुरांत मिसळतो.

एक प्रसंग सांगतो. दिवाडीच्या एका घरातून भजनी मंडळाची पेटी मी फेरीबोटीने जुने गोवे धक्क्यावर आणली. मंडळ मोडून बरीच वर्षे झाली होती. मालकाच्या मते तिची मधली एक काळी पट्टी मुकी होती आणि म्हणून त्यांनी ती मला 3,000 रुपयांत दिली. घरी येऊन झाकणाचे स्क्रू काढले तर आत उदबत्तीची राख, अबिराचा काळसर थर, तांदळाचे चार दाणे आणि कसरीने खाल्लेल्या बनातीचा भुसा. त्या भुशातली एक दोरी रिडाच्या जिभेखाली अडकली होती. वहीच्या पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हळूच सरकवून ती बाहेर काढली आणि भाता मारला, तर सूर असा बोलला की स्वयंपाकघरातून आईने विचारले, कोण आले? ती पेटी मी विकताना ही सगळी हकिकत गिऱ्हाइकाला सांगितली, कारण पितळेवर हिरवट कळंक चढू लागलेले आणखी दोन सूर तिच्यात होते आणि ते त्याला कळायला हवे होते. भुसा काढण्याइतके काम स्वतः करावे. रिडाला कानस लावणे मात्र कारागिरावर सोडावे. मी एकदा यूट्यूब पाहून कानस लावली आणि दोन सूर कायमचे गमावले.

फोंडा महालात पेटीला मोठा मान आहे. बोरीचे पेटीवादक पंडित तुळशीदास बोरकर याच मातीतले. त्यामुळे इकडच्या जुन्या पेटीला ‘थोर कलावंताच्या हाताची’ अशी कहाणी फार लवकर चिकटते. तिला पुरावा नसेल तर कहाणीचे पैसे देऊ नयेत, आणि विकताना घेऊही नयेत. व्हायोलिनाच्या बाबतीत हेच स्त्रादिव्हारियस या नामांकित इटालियन कारागिराच्या नावाच्या चिठ्ठीला लागू आहे. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या घरांतून निघणाऱ्या रेबेकांत, म्हणजे व्हायोलिनांत, ही चिठ्ठी हमखास सापडते, कारण युरोपातले कारखाने साध्या व्हायोलिनांतही ती सर्रास चिकटवत असत.

यानंतर पावसाळा. गोव्यात या धंद्याची खरी अडचण अशी आहे की पेटीला सर्वाधिक मागणी येते तेव्हाच तिची प्रकृती सर्वांत वाईट असते. आषाढ लागला की भजनी मंडळे जागी होतात, श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोचा सप्ताह सुरू होतो, त्यामागोमाग चवथ (गणेशचतुर्थी) येते, आणि ज्याला वर्षभर पेटीची आठवण झाली नाही तोही फोन करतो. त्याच दिवसांत लाकूड फुगलेले असते, पट्ट्या अडकतात आणि भात्याच्या पुठ्ठ्यावर बुरशी धरते. अडकलेली पट्टी जुलैत घासून मोकळी करण्याचा मोह आवरावा. आज घासलेली पट्टी डिसेंबरात लाकूड आक्रसल्यावर खुळखुळू लागते. कपाटात शून्य वॅटचा बल्ब आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या की बरेचसे काम होते. उन्हात मात्र पेटी ठेवू नये, त्याने भात्याच्या घड्या तडकतात. मी पेट्या डिसेंबर ते मार्च या काळात घेतो, तेव्हाच दुरुस्त करतो आणि आषाढात विकतो. पावसात विकलेल्या पेटीविषयी ‘ऑक्टोबरनंतर एकदा दाखवून घ्या’ असे गिऱ्हाइकाला लिहून देतो. त्यामुळे क्वचित एखादी विक्री हुकते, पण परत आलेली पेटी माझ्याकडे फारशी नाही.

जाहिरातीत तुमच्या शिक्षणाचा उपयोग करून घ्या. इतर विक्रेते पेटीचे चार फोटो टाकतात. तुम्ही खर्जाच्या पहिल्या पट्टीपासून तारसप्तकाच्या शेवटच्या पट्टीपर्यंत न थांबता, न कापता एक चित्रफीत करा, भात्याची परीक्षा तीत दाखवा आणि जो सूर बिघडलेला आहे त्यावर मुद्दाम थांबा. एखादे गाणे वाजवून दाखवू नका, कारण गाण्यात वाईट पट्टी चुकवता येते आणि जाणकार गिऱ्हाइकाला ते ठाऊक असते.

पैशांबाबत एवढे पुरे की पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पेटी न पाहताच सौदा पक्का करणारा, स्वतःला लष्करात असल्याचे सांगणारा आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड धाडणारा माणूस मला वर्षातून तीन-चारदा भेटतो. चुकून फसगत झालीच तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर कळवावे. घरगुती सामान गोव्याबाहेर विकायचे असेल तर जीएसटी नोंदणीचा प्रश्न उलाढाल 40 लाखांना पोहोचण्याच्या पुष्कळ आधी उभा राहतो, म्हणून पहिले पार्सल रवाना करण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारून घ्या.

कायद्याच्या दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा, कारण आपल्या प्रांतात त्या रोज पायात येतात. पहिली घुमटाची, म्हणजे कातडे मढवलेल्या मातीच्या वाद्याची. सरकारने 2019 मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला, तेव्हापासून जुन्या घुमटांची विचारणा होत असते. परंतु जुन्या घुमटाला घोरपडीचे कातडे असते आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलेले आहे. असे घुमट विकत घेऊ नये, विकू नये आणि त्याचा फोटोही जाहिरातीत टाकू नये. बकऱ्याचे कातडे मढवलेली नवी घुमटे मिळतात, ती सुचवावीत. सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची घोडी, खुंट्या वा नक्षी असलेल्या सतारी आणि तानपुऱ्यांचेही तसेच आहे. दुसरी गोष्ट जुनेपणाच्या फुशारकीची. तुमच्या जाहिरातींत समईला ‘दीडशे वर्षांपूर्वीची’ असे म्हटलेले मी पाहिले. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि अशा वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे वर्णन खोटे असेल तर गिऱ्हाइकाची फसवणूक आणि खरे असेल तर परवान्याचा प्रश्न. ‘जुनी, वापरलेली, वजन अमुक किलो’ एवढे लिहिणे पुरेसे आहे.

आता वेळेचे. तुम्ही लिहिले आहे की रियाज रात्री नऊनंतर करता. माझ्या अनुभवात गिऱ्हाइकांचे संदेश नेमके रात्री नऊ ते अकरा या वेळेत येतात, कारण लोक तेव्हाच जेवून आडवे पडून फोन चाळतात. तानपुरा ज्या फोनवर वाजतो त्याच फोनवर ‘लास्ट प्राइस?’ असे उमटत असेल, तर पलटा पुरा होत नाही. मी रियाज सकाळी साडेपाचला करतो, तानपुरा जुन्या, सिमकार्ड नसलेल्या फोनवर लावतो आणि रोज चाळीस मिनिटांच्या वर बसत नाही. पहिली पंधरा मिनिटे डोळे मिटून फक्त षड्ज-पंचम, मग अलंकार, आणि शेवटी गुरुजींनी दिलेली बंदिश किंवा अभंग. रात्रीची वेळ गिऱ्हाइकांना देतो, आणि तेव्हा मन बरेच शांत असल्याने भावही चांगले ठरतात. शिकवणीची फी मी विक्रीच्या नफ्यातूनच भरतो आणि ती आधी बाजूला काढतो. महिन्यात काहीच विकले गेले नाही तरी फी चुकत नाही, कारण मागच्या महिन्यातली काही रक्कम शिल्लक असते.

गुरुजींना तुम्ही पेट्या बदलत होता हे बहुधा माहीत नसावे, कारण माहीत असते तर त्यांनी कान डळमळतो म्हणण्याआधी पेटीच पाहायला मागितली असती. त्यांना स्पष्ट सांगा. शक्य असल्यास एखाद्या शिकवणीला तुमची पेटी घेऊन जा; कदंब बसमधून मांडीवर घेऊन जाता येते, भाता पट्ट्याने बांधून पट्ट्यांवर मऊ कापडाची घडी ठेवली की झाले.

म्हापशाच्या गिऱ्हाइकाला पाठवायचे उत्तरही सुचवतो: ही पेटी माझ्या शिकण्याची आहे, घरात दुसरी आहे तिची चित्रफीत धाडतो. तुमच्या वर्णनावरून ती दुसरी, 42 पट्ट्यांची, भात्याला नवे चामडे लावलेली पेटी 10,000 ते 11,000 पर्यंत सहज जावी. चवथ तोंडावर आहे. तिसरीचा भाता झटकन बसतो असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा ती आत्ता विकू नका, हिवाळ्यात दुरुस्त करून घ्या. आणि ठेवलेल्या पेटीचे ट्यूनिंग आज करून घेण्याची घाई करू नका. पावसात लावलेली पेटी पाऊस गेल्यावर पुन्हा लावावी लागते, दोनदा पैसे जातात आणि रीडही दोनदा झिजते. नोव्हेंबरात कारागीर गाठा. तुम्ही काळी एकमध्ये वाजवता आणि वरची पांढरी एक जरा चढी आहे असे लिहिता. तो तुमचा शुद्ध निषाद. तोपर्यंत त्या निषादावर फार थांबू नका, आणि तो चढा का लागतो हे गुरुजींनी विचारण्याआधी त्यांना सांगून ठेवा.